कांदळपाड्याची एकोणपन्नास माणसं

आधीच सांगून ठेवतो, माणसं मोजायची हौस मला कधीच नव्हती. माणसं टाळायची होती. ठाण्याच्या कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली ती दुसऱ्यांच्या बेरजा तपासत, आणि तीही तोंडातून अवाक्षर न काढता. पण धाकू मापाऱ्याचा विषय निघाला की लोक म्हणतात, गुरुदत्तपंत, तुम्हीच सांगा, तुम्ही होतात ना तिथं? होतो ना! नुसता होतो असं नाही, सगळा घोळ माझाच होता. त्यामुळे तो मलाच नीट सांगता येतो.

साल अठराशे एक्क्याऐंशी. सरकारला खानेसुमारी करायची होती. सतरा फेब्रुवारीच्या रात्री जो जिथं निजेल, तिथं तो मोजायचा, असा नियम. त्याआधी गावोगाव फिरून कच्ची यादी करायची: घरं किती आणि डोकी किती, एवढंच. नावं, वयं, धंदे नंतर. इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या वरच्या एका साहेबाला यादीत बारीकसारीक नावं खपत नसत. त्यानं आपल्या अकलेनं ठरवलं की ज्या पाड्यात पन्नासाहून कमी माणसं निघतील, त्याचं नाव वेगळं लिहायचंच नाही. शेजारच्या मोठ्या गावाच्या पोटात घालून मोकळं व्हायचं. आणि कल्याण तालुक्यातला खाडीच्या अंगाचा सगळा विरळ मुलूख आला माझ्या वाट्याला. का, तर म्हणे गुरुदत्त तक्रार करत नाही. अहो, तक्रार मी घरी करायचो!

तो मुलूख आता पाहाल तर ओळखणार नाही. आता डोंबिवलीला स्टेशन झालंय. तेव्हा गाडी तिथून नुसती शिट्टी मारून पुढं जायची. कल्याणला उतरायचं, बैलगाडीत बसून मानपाड्यापर्यंत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि तिथून पुढं पायी. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, मध्ये हातभर रुंदीचा बांध. कोसभर चालावं तेव्हा एक माणूस भेटायचा, आणि त्याला गावाचं नाव विचारलं की तो आधी विचारायचा, "कशाला इचारतंस?" माणसं थोडी आणि चिखल फार. चिखल मोजायचा असता तर माझी बढती झाली असती.

अशा त्या पट्ट्याच्या टोकाला कांदळपाडा. घरं अकरा. सगळी आगरी मंडळी. चार महिने भात करायची, उरलेले महिने मिठागरावर राबायची. मी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पाड्यात चिटपाखरू नाही. दारं बंद, चुली मात्र धुमसताहेत. मी ओरडलो, "अरे, सरकारी माणूस आलाय! बाहेर या!" सरकारी माणूस आलाय म्हटल्यावर कोण बाहेर येतं? हे मला आज कळतं.

शेवटी चिंचेखालून एक जण उठला. नाव धाकू आणि उंची अशी की कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. हा पाड्याचा मापारी. म्हणजे खळ्यावर भात झोडून झालं की ते पायलीनं मोजायचं काम याचं. पायलीमागं मूठभर भात ही त्याची मजुरी. तो मला म्हणाला, "रावसायेब, लोकं भ्याली हाईत. सरकार मानसा मोजतंय ती बोटीत घालून न्याला, असा उठलंय."

"कोण म्हणतं असं?"

"मानपाड्याचा महिपत. त्यो पन मापारीच हाय."

या महिपताबद्दल मग मला बरंच ऐकायला मिळालं. पायलीत अंगठा घालून मोजतो, घेताना पायली आपटून वर शीग म्हणजे ढीग लावतो आणि देताना काठाशी सपाट करतो, वगैरे. आणि पन्नासाचा नियम माझ्या आधी त्याच्याच कानावर पोचला होता. पाडा मानपाड्यात गेला की गाव एक झालं, आणि एका गावाला मापारी एकच. म्हणजे कांदळपाड्याचं खळं महिपताचं आणि धाकूच्या हातची पायली गेली. धाकूनं हे सांगितलं ते मान खाली घालून. शेत त्याचं नव्हतं, मिठागरात उभं राहून पाय फुटलेले. जे काही होतं ते ती पायली होती. बापाची, त्याच्या आधी आज्याची.

पाड्यातली माणसं त्याला किती मानत हे मला वाटेत गाडीवानानंच सांगितलं होतं. एका खोताच्या माणसानं एकदा मोजणी चालू असताना पायलीला गुडघ्यानं हलकेच धक्का दिला, भात खाली बसावं आणि जास्त मावावं म्हणून. धाकूनं ओतलेली रास परत पसरली आणि पहिल्यापासून मोजायला लागला. परत धक्का, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा दिवस मावळायला आला तेव्हा खोताचा माणूस हात जोडून म्हणाला, बाबा रे, मी लांब उभा राहतो. असा हा माणूस. कंटाळा नावाची चीज त्याला ठाऊक नव्हती. मला तेवढी एकच चीज ठाऊक होती.

धाकू म्हणाला, "मी मोजतो, तुमी लिवा. माझ्या मोजन्याला लोकं भ्यायची नाय. माझ्या मापानं कमी होत नाय, वाढतंय, असा लोकांचा समज हाय."

मला काय, घरी लवकर जायला मिळालं म्हणजे झालं. आमच्या एकुलत्या मुलीला दिवाळीनंतर सासरी पाठवली होती, आणि घरात आमचं कुटुंब एकटंच. तेव्हा बायकोला कुटुंब म्हणायची रीत होती, मी अजून तसंच म्हणतो. तर मी म्हटलं, "मोज बाबा."

धाकू पहिल्या दाराशी उभा राहिला, खळ्यावर देतात तसा खणखणीत आवाज दिला, आणि खरोखर दार उघडलं! एकेक जण उंबऱ्याबाहेर येऊ लागला. धाकू सुरात म्हणायला लागला, "लाभ… दोन… तीन… चार…"

इथं माझी चूक झाली. आता तुम्ही हसाल. हसा. तुमच्यापैकी ज्यांनी खळं पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की भात मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मला कुठून ठाऊक असणार? माझा जन्म गेला ठाण्यात, मासुंद्याच्या तळ्यामागं भाड्याच्या दोन खोल्यांत. आमचा तांदूळ वाण्याकडून पुडीत यायचा. भात मी ताटात वाढलेलाच पाहिलेला. मला वाटलं, पत्र लिहिताना आपण वर 'श्री' घालतो ना, तसा हा मोजण्याआधी देवाचं नाव घ्यावं तसं 'लाभ' म्हणतोय. भाविक माणूस आहे! मी आपली 'दोन'पासून रेघ मारायला सुरुवात केली. दोनला एक रेघ, तीनला एक रेघ. घरात सात माणसं, माझ्या कागदावर सहा रेघा. आणि मनात म्हणतोय, काय शिस्तीचं काम चाललंय!

अकरा घरं अशी झाली. मोजून झालेली माणसं आमच्या मागोमाग यायला लागली. भीती गेली आणि तमाशा बघायला मिळाला. एका पोरीनं विचारलं, कोंबडा मोजायचा का? धाकू गंभीरपणे म्हणाला, "त्यो उद्या कापला तर सरकारला काय सांगशील?" शेवटच्या घरापर्यंत मागं चांगला घोळका झाला होता. हे कै. राघोचं, असं कोणी सांगितलं. तिथं धाकू म्हणाला, "लाभ." आणि थांबला. मी वाट बघतोय, आता दोन येईल, मग तीन येईल. काही येईना. तो वळला आणि चालू लागला. दारात एक म्हातारी उभी होती खरी, पण मला वाटलं, ही घोळक्यातली, मागच्या कुठल्या तरी घरातली. मी लिहिलं: घर अकरावं, ओस.

चिंचेखाली बसून मी बेरीज केली. अडतीस.

मी परत केली. बेरीज ही माझी विद्या. तिथं मी चुकत नाही. अडतीस म्हणजे अडतीस. मी मोठ्यानं सांगितलं, "अडतीस डोकी. पन्नासाला बारा कमी. हा पाडा मानपाड्याखाली जाणार."

महिपत कधी येऊन उभा राहिला होता देव जाणे. तो पुढं झाला आणि नुसता हात पसरला. आणि धाकू, एवढा ताडमाड माणूस, एक शब्द न बोलता घरात गेला, खुंटीवरची पायली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि आणून त्याच्या हातात दिली. मी म्हटलं, "अरे, तू काही बोलत कसा नाहीस? तूच मोजलंस ना?"

"मोजनारा बेरीज ठेवीत नाय रावसायेब," तो म्हणाला. "आमची तशी रीतच हाय. मी फक्त बोलायचा. राशीचा हिशोब दुसऱ्यानं ठेवायचा. ज्यानं ठेवला त्याचा खरा."

म्हणजे त्यानं माझ्यावर विश्वास टाकला होता! मला त्या वेळी अभिमान वाटला. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पण पाड्यातल्या बायका काही धाकू नव्हत्या. त्याची बायको तुळसा पदर खोचून म्हणाली, "घरवारी वाच. आमाला कलू दे कुठं कमी पडलं." मी वैतागलो, पण वाचायला लागलो. पहिलं घर सहा. "सहा?" तुळसा म्हणाली. मी म्हटलं, मध्ये बोलू नका, आणि ती आ वासून नवऱ्याकडं बघायला लागली. दुसरं, तिसरं, प्रत्येक घराला कुजबुज वाढत गेली. मी आपला सपाटा लावला, कारण दुपारची गाडी गाठायची होती. "घर अकरावं. कै. राघोचं. ओस."

"वोस?"

घोळका दुभंगला आणि ती म्हातारी पुढं आली. राघोची बायको, आवडाबाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "वोस? मी त्या घरात ऱ्हाते त्यो वोस? मी कोन हाय मंग? हडल हाय?"

"बाई, मी असं…"

"हडल सुकट खाते काय रं? खाते काय, सांग!" असं म्हणून तिनं ओच्यातली मूठभर सुकट काढली आणि माझ्या सरकारी कागदांवर मारली.

ब्राह्मणाच्या कागदावर सुकट! मी ताडकन उठलो. पाडा हसून लोटपोट. महिपतसुद्धा हसला. तो वास त्या कागदांना पुढं महिनाभर होता. साहेबानं फाईल उघडली की आधी खिडकी उघडायचा. पण म्हातारी हसत नव्हती. ती धाकूकडं वळली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तू तरी मोजलीस ना रं मना?"

"मोजली ना काकी. लाभ बोल्लो की तुमाला."

लाभ बोल्लो की तुमाला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर तोंडचं पाणी पळालं. मी धाकूला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, हे लाभ म्हणजे काय?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी विचारलं होतं, पाणी म्हणजे काय. मग समजावून सांगितलं. "एक बोलायचा नाय. एक बोल्लं का त्यो एकटाच ऱ्हातो. लाभ बोल्लं का त्याच्यामागनं दुसरा येतो."

मी खाली बसलो. अकरा घरं, अकरा लाभ. अडतीस आणि अकरा. मी बसल्या बसल्या आपली चूक कबूल केली. कबूल कसली, माझ्या कागदांना अजून सुकट चिकटली होती, नाकारणार कशी? महिपताच्या हातातून तुळसानं पायली हिसकावून घेतली. पोरं नाचायला लागली. मी बेरीज सांगितली, "एकोणपन्नास."

नाच थांबला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बारा कमी असते तर माणूस नशिबाला बोल लावून गप्प बसतो. एक कमी म्हणजे छळ.

आता खरं सांगतो, मला शरम वाटत होती. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी दबक्या आवाजात धाकूला म्हटलं, "जाऊ दे. मी पन्नास लिहितो. कोण बघायला येतंय इथं?"

"नाय."

"अरे, एकाचा तर प्रश्न आहे! कोणाला कळणार?"

"मना कलंल ना," तो म्हणाला. "आनि मंग मी खल्यावर दोन बोल्लो तर त्यो दोनच हाय का, ह्या कोन सांगंल?"

कोणी म्हणालं, माझी बहीण निळज्याला दिलीय, तिला त्या रात्री बोलावतो. जो जिथं निजेल तिथं मोजायचा असाच नियम आहे ना? मी म्हटलं, वा! पण धाकूनं तेही मोडून काढलं. बोलावून आणलेला माणूस म्हणजे भातात घातलेला खडा, म्हणे. माप भरतं, पण पोट भरत नाही. आणि निळज्याचं एक कमी करून आपलं पन्नास करायचं, ही तर चोरीच. तुळसा कपाळावर हात मारून म्हणाली, "ह्या मानसाशी मी बावीस वर्सा संसार करते!" मला तिची मनापासून कीव आली.

महिपत मजेत बिडी ओढत होता. त्याला बघून माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की माझं डोकं चालतं. मी म्हटलं, "धाकू, कामासाठी आलेला माणूस खडा की दाणा?"

"कोनतं काम?"

"मोजायचं. सतराच्या रात्री इथली मोजणी मानपाड्याचे पंतोजी करणार आणि मानपाड्याला परत जाऊन निजणार, असं ठरलंय. ते काम मी माझ्याकडं घेतो. रात्री मोजायचं, आणि पहाटे परत एकदा फिरून, रात्रीत कोणी जन्मलं-वारलं का ते बघायचं. म्हणजे मला इथं निजावंच लागेल. आणि मोजणाऱ्यानं स्वतःला निजेल तिथं मोजायचं, हे छापील आहे." मी कागद दाखवला. सुकटीसकट.

धाकू किती वेळ विचार करत होता म्हणून सांगू? माझी दुपारची गाडी गेली. शेवटी तो म्हणाला, "कामाला आलेला मानूस दाना. पन रावसायेब, ठान्याला एक कमी नाय होनार?"

मी हसलो. "ठाण्यात काय माणसांना तोटा आहे? तिथं एकानं काय होतंय!"

घरी हे सांगितलं तेव्हा आमचं कुटुंब ताक घुसळत होतं. मी त्या रात्री घरी असेन असं तिला कबूल केलं होतं. मुलगी गेल्यापासून रात्री घर खायला उठतं, असं ती म्हणायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "जा. त्या बिचाऱ्याची पायली जायला नको." एवढंच. मला वाटलं, चला, सुटलो.

सतराला संध्याकाळी मी शिधा, तांब्या आणि घोंगडी घेऊन कांदळपाड्यात हजर. निजायचं कुठं, यावर वाद. प्रत्येक घर माणसांनी भरलेलं. जागा होती ती एकाच घरात. आवडाबाई म्हणाली, "माझी वटी मोकली हाय. पन हडल हाय हो घरात, चालंल काय?" मला त्या बाईनं कधी अहो-जाहो केलं नाही, हे 'हो' फक्त टोमण्यापुरतं. मी तिच्या ओटीवर तीन दगड मांडून आपली खिचडी शिजवली. अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत होती आणि म्हणत होती, "बायको रोज जेवाला घालते ना तुना? तिचा पाया पड." तरी सकाळी मला कळलं की तिनं त्या दिवशी घरात मासळी शिजवली नव्हती. मला वास नको म्हणून स्वतः भात-मीठ खाल्लं होतं.

दिवे लागले तशी मोजणी सुरू केली. धाकू आवाज देतोय, मी नाव, वय, धंदा लिहितोय. या वेळी लाभ म्हटला की मी ठसठशीत रेघ ओढत होतो. महिपत साक्षीला आला होता, प्रत्येक दारात मान घालून बघत होता, कुठं निळज्याची बहीण लपवलीय का. अठ्ठेचाळीस झाले. उरलं अकरावं घर.

धाकू ओटीसमोर उभा राहिला. आवडाबाई खांबाला टेकून उभी, मी घोंगडीवर बसलेला. त्यानं तिच्याकडं हात केला. "लाभ." मग माझ्याकडं. "दोन."

म्हातारी हलली नाही. मग म्हणाली, "धाकू, मना नीट आयकू नाय आला. परत बोल."

तिचे कान कसले तिखट होते हे सगळा पाडा जाणत होता. माझी खिचडी तळाशी लागल्याचा आवाज तिनं उंबऱ्यातून ऐकला होता. पण कोणी हसलं नाही. धाकू परत म्हणाला, "लाभ. दोन." तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी कागदावर वाकून तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. बेरीज पन्नास. महिपत म्हणाला, "पाहुन्यावर गाव उभा केला." धाकू म्हणाला, "पाहुना नाय. दाना." आणि पायली काखेत मारून घरी निजायला गेला. आपलं मापारीपण राहिलं म्हणून त्याला आनंद झाला की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. तुळसा मात्र आतून मोठमोठ्यानं रडत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

साहेबानं यादी पाहिली, खिडकी उघडली, आणि सही केली. कांदळपाडा यादीत राहिला. पुढं सोळा सुग्या धाकूनंच मोजल्या. गेल्या साली वारला तोपर्यंत पायली त्याच्याच घरात होती. माझ्या हातून अशी दुसरी चूक कधी झाली नाही, कारण मी परत कधी काही मोजायला गेलोच नाही.

मी मात्र अठरा तारखेला दुपारी मोठ्या ऐटीत घरी आलो. एका रात्रीत गाव वाचवलं होतं, गंमत आहे? पायरीवरूनच सांगायला सुरुवात केली. म्हातारी, लाभ, दोन, सगळं. आमचं कुटुंब तांदूळ निवडत बसलं होतं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"लाभ म्हणतात होय," ती म्हणाली. "किती छान."

"मग! आणि इथं कोण आलं होतं मोजायला?"

"होता कोणी एक. उंबऱ्याशी उभा राहिला. घरात कोण आहे विचारलं. मी म्हटलं, मी आहे. तो मागच्याला ओरडून म्हणाला, 'लिही, एक,' आणि गेला." ती परत सुपात बघायला लागली. "मग मला रात्रभर झोप नाही आली."

मी पागोटं काढून खुंटीला लावलं, तिच्याशेजारी बसलो आणि सुपातले खडे वेचायला लागलो. त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही.